आधी उत्तरपत्रिका हातात घ्या

निकाल लागायला लागलेत आणि आमच्या भांडुपच्या सोसायटीत पुन्हा तेच ऐकू येतंय, "जाऊ दे गं, पुढच्या सेमला काढेल केटी." केटी म्हणजे राहिलेल्या विषयाची परत परीक्षा. ऐकलं की पोटात कालवतं. दोन वर्षांपूर्वी मीही लेकीला हेच सांगायला निघाले होते.

तिला एका विषयात 75 पैकी 26 पडले होते, पास व्हायला 30 हवेत. "आई, पाचही प्रश्न लिहिलेत गं मी," एवढंच ती परत परत म्हणत होती. शेजारचे निवृत्त सर म्हणाले, "वहिनी, रिव्हॅलचं, म्हणजे पेपर पुन्हा तपासून घ्यायचं, नंतर बघू. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा."

फोटोकॉपी आली. आम्ही दोघींनी जमिनीवर पानं मांडली. मुख्य उत्तरपत्रिकेत प्रत्येक उत्तरापुढे गुण होते. पुरवणीच्या पानांवर मात्र काहीच नाही, बरोबर-चूकची खूणसुद्धा नाही. पाचवा प्रश्न तिथेच होता, 15 गुणांचा. पहिल्या पानावरच्या तक्त्यात पाचसमोर आडवी रेघ मारलेली. ती रेघ बघून लेक म्हणाली, "म्हणजे मला उगाच वाटत नव्हतं."

म्हणून आयांनो, पोरांनो, फॉर्म भरायच्या आधी फरक समजून घ्या. बेरीज चुकली, उत्तर तपासायचं राहिलं, तर ते गुणपडताळणीचं काम. उत्तर तपासलंय पण गुण कमी वाटतात, तर पुनर्मूल्यांकन, म्हणजेच रिव्हॅल. आपल्याला यातलं काय हवंय ते फोटोकॉपी बघितल्याशिवाय कळत नाही. "पेपर चांगला गेला होता" हे कारण कुणी ऐकत नाही. "पुरवणीतला प्रश्न 5 तपासलेला नाही" हे ऐकावंच लागतं. मुदत मोजक्या दिवसांची असते, तेव्हा निकालाच्या दिवशीच परिपत्रक शोधा.

आपली उत्तरपत्रिका बघणं म्हणजे कुणी केलेली मेहेरबानी नाही. पुनर्मूल्यांकन हा आपोआप मिळणारा हक्क नाही, नियमात असेल तरच मिळतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये आपल्याच राज्याच्या बोर्डाच्या खटल्यात सांगितलं होतं. पण तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्यातली 'माहिती' आहे आणि ती परीक्षार्थीला बघता येते, हे त्याच न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केलं. माहिती अधिकारात उत्तराला 30 दिवस मिळतात आणि तोवर रिव्हॅलची तारीख निघून जाऊ शकते. त्यामुळे विद्यापीठाची फोटोकॉपीची सोय आधी वापरा.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2023 च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते आणि तिच्या वर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठीचे लोकपाल. पण लोकपालांकडे नुसतं "पुन्हा तपासा" चालत नाही, नेमकी गडबड किंवा भेदभाव दाखवावा लागतो. इंटर्नलचे गुण चुकीचे चढले असतील तर प्रोजेक्ट जमा केल्याचा ईमेल, हजेरीचा फोटो, जे असेल ते जपून ठेवा.

माझं मत विचाराल तर फोटोकॉपीला पैसेच घेऊ नयेत. 2017 मध्ये ऑनलाइन तपासणीत मुंबई विद्यापीठाचे निकाल किती रखडले, कुलगुरूंना पद सोडावं लागलं, हे या शहराने बघितलंय. चूक तपासणाऱ्याकडून होऊ शकते हे सगळ्यांना माहीत आहे. मग ती शोधायचा खर्च पोरांनी का भरायचा? ज्या घरात एकेका विषयाची फी जड जाते, तिथलं पोर गप्प बसतं आणि वर्ष घालवतं.

लेक त्या विषयात पास झाली, केटी गेली. आमच्या विंगमध्ये कुणाची फोटोकॉपी आली असेल तर रविवारी सकाळी दहानंतर घरी घेऊन या. सरही येतात, आपण पान पान बघू.