हा आत्मविश्वास नाही, ताई

परवा रात्री ताईचा मेसेज आला. ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण असलेला लांबलचक मजकूर आणि त्याखाली ताईचं स्वतःचं एकच वाक्य : ‘वाच जरा. उगाच डोक्याला ताप करून घेतेस.’ चारच दिवसांपूर्वी मी तिच्याशी मनूबद्दल, म्हणजे माझ्या तेरा वर्षांच्या भाचीबद्दल बोलले होते. म्युझिक व्हिडिओंचा मनूवर वाईट परिणाम होतोय, हे माझं म्हणणं ताईला पटलं नव्हतं आणि आता तिच्या हाती आयतं उत्तर लागलं होतं.

मजकुराचा मथळा ‘म्युझिक व्हिडिओंच्या नावाने बोंबलणाऱ्यांना सडेतोड उत्तर’. मुद्दे सहा. एक, हे नुसतं मनोरंजन आहे, कुणावर काही परिणाम होत नाही. दोन, त्यात काम करणाऱ्या बायका स्वतःच्या मर्जीने, पैसे घेऊन काम करतात. तीन, पुरुषही तितकेच उघडे असतात, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. चार, आता गायिका आणि दिग्दर्शिकाच सगळं ठरवतात, तेव्हा ‘बाईला वस्तू केलं’ ही ओरड जुनी झाली. पाच, असे व्हिडिओ बघून मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल आत्मविश्वास येतो आणि ज्या मुलींना लाज वाटते त्यांच्या घरचे बुरसटलेले असतात. सहा, आवडत नसेल तर बघू नका.

पाचवा मुद्दा वाचून मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. त्याच्याकडे मी येणारच आहे. आधी बाकीचे.

पहिल्या मुद्द्यात काही दम नाही. व्हिडिओत आपले बूट, आपली पेयं, आपले फोन दिसावेत म्हणून कंपन्या रोख पैसे मोजतात. दोन सेकंद दिसलेला बूट माणसाच्या मनात राहतो, हे धंदा करणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. मग बाई कशी उभी राहते, कुठे बघते, कुणासाठी तिथे असते हे शेकडो गाण्यांतून तेच ते दाखवलं, तर त्याचा कुठेच ठसा उमटत नाही, असं कसं? एवढं कबूल करते की मुलं म्हणजे टिपकागद नव्हेत. एक व्हिडिओ बघून कुणी बिघडत नाही. पण एकच व्हिडिओ बघतं कोण?

तिसरा मुद्दा, पुरुषांचा. जेनिफर स्टीव्हन्स ऑब्री आणि सिंथिया फ्रिस्बी या दोघी संशोधकांनी २०११ साली लोकप्रिय गाण्यांचे व्हिडिओ तपासून गायक आणि गायिका यांची तुलना केली होती. मागे नाचणाऱ्या मुलींची नव्हे, ज्यांच्या नावावर गाणं आहे त्यांचीच. तिथेही गायिकांच्या शरीराचं प्रदर्शन जास्त होतं, दिसण्याचे निकष त्यांच्यासाठी जास्त कडक होते आणि मोहात पाडणारे हावभाव त्यांच्याकडूनच जास्त करून घेतलेले होते. म्हणजे स्वतःच्या गाण्यातसुद्धा बाईची सुटका नाही.

पण हे कळायला अभ्यास वाचावा लागत नाही. आवाज बंद करून बघा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले प्राध्यापक सट जाली (Sut Jhally) यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हेच केलं होतं. व्हिडिओंचे तुकडे घेतले, मूळ संगीत काढून टाकलं, त्यावर स्वतःचं निवेदन घातलं आणि ती चित्रं विद्यार्थ्यांना दाखवली. एमटीव्हीने त्यांना खटला भरायची धमकी दिली, इतकी ती चित्रं झोंबली.

मेसेज आल्यावर मीही, मनू ज्या गाण्यावर नाच बसवते आहे, तेच गाणं आवाज बंद करून बघितलं. गायक जाकिटाच्या गळ्यापर्यंतच्या गुंड्या लावून उभा. त्याचा चेहरा पहिल्याच क्षणी दिसतो आणि पुढे सतत दिसत राहतो. तो हसतो, वैतागतो, फोन उचलतो, गाडीत बसतो. पहिली मुलगी येते ती घोट्यापासून. कॅमेरा वर सरकतो, मांडीवर रेंगाळतो, कमरेशी थांबतो आणि तिथेच दृश्य बदलतं. दुसरी पाठमोरी. तिसरीचा चेहरा येतो, पण ओठ किंचित उघडे आणि नजर थेट आपल्याकडे. शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे ती एकदाही बघत नाही. अशा सात जणी. गाणं संपल्यावर मी डोळे मिटून आठवायला बसले, तर सातांपैकी एकीचाही चेहरा आठवेना. कपडे आठवत होते.

पुरुष उघडे असतात, मान्य. पण ते उघडं शरीर काहीतरी करत असतं : मारामारी, व्यायाम, उड्या. आणि हो, मुलांनाही एक साचा दिला जातो. पैसा उधळणारा, दंड फुगवणारा, कधी न रडणारा, मुलींच्या घोळक्यात उभा राहणारा. चौदा वर्षांच्या मुलाला हे बघून काय वाटत असेल, यावर कुणीतरी वेगळं लिहायलाच हवं. पण मुलांवरही अन्याय होतो म्हणून मुलींवरचा अन्याय पुसला जात नाही.

दुसरा आणि चौथा मुद्दा मी एकत्र घेते, कारण दोन्हींना एकच उत्तर पुरेसं आहे. २०१३ साली एक गाणं जगभर गाजलं. व्हिडिओत सुटाबुटातले तीन पुरुष आणि तीन तरुण मॉडेल. एका आवृत्तीत त्या तिघींच्या अंगावर जवळपास काहीच नाही. ती आवृत्ती यूट्यूबने काही काळ काढून टाकली होती. दिग्दर्शक होती एक स्त्री, डायान मार्टेल. तिघींतली एक एमिली राताकोव्स्की, तेव्हा २१ वर्षांची. या व्हिडिओवर टीका झाली तेव्हा एमिलीने त्याची बाजू घेतली होती, मला माझ्या शरीराची लाज वाटत नाही असंच ती सांगत होती. फॉरवर्डमधला दुसरा, चौथा आणि पाचवा, तिन्ही मुद्दे तिच्या एकटीच्या तोंडून त्या वेळी मिळाले असते.

मग २०२१ साली तिचं पुस्तक आलं. त्यात तिने लिहिलं की चित्रीकरण चालू असताना गायकाने मागून येऊन तिच्या उघड्या छातीला हात घातला. दिग्दर्शिका ओरडली, काम थांबलं, पण पुन्हा सुरूही झालं. एमिली तेव्हा काही बोलली नाही. तो प्रसंग तिने कित्येक वर्षं कुणाला सांगितला नव्हता. मार्टेलनेही वृत्तपत्राशी बोलताना तिच्या सांगण्याला दुजोरा दिला. एमिली त्या दिवशी स्वतःच्या मर्जीने गेली होती. पैसे मिळाले होते. कॅमेऱ्यामागे बाई होती. तरीही सेटवर आपली जागा काय आहे, हे तिला एका क्षणात कळलं. ‘मर्जी’ हा शब्द मेसेजमध्ये लिहिणं सोपं आहे.

आणि ‘आता बायकाच सगळं ठरवतात’ याबद्दल : अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ ते २०१७ या सहा वर्षांतली, बिलबोर्ड या संगीतविषयक मासिकाच्या वार्षिक यादीतली ६०० लोकप्रिय गाणी तपासली. कलाकारांमध्ये स्त्रिया २२.४ टक्के, गीतकारांमध्ये १२.३ टक्के. निर्मात्यांमध्ये, ज्या गाण्यांच्या निर्मात्यांची नोंद त्यांनी केली त्यात, २ टक्के. शंभरात दोन. हे आकडे गाण्यांचे आहेत, व्हिडिओंचे नाहीत, हे मला कळतं. पण व्हिडिओला पैसा गाण्याच्या धंद्यातूनच येतो, आणि त्या खोलीत कोण बसलंय ते यावरून दिसतं. चारपाच मोठ्या गायिकांची नावं पुढे करून हे झाकता येणार नाही.

आता पाचवा.

‘मुलींना आत्मविश्वास येतो.’ ताई, मी गेल्या रविवारी काय बघितलं ते तुला नीट सांगितलं नव्हतं, आता सांगते. मनू आतल्या खोलीत फोन पुस्तकांना टेकवून ठेवून नाचत होती. नाच जेमतेम वीस सेकंदांचा. ताल तिचा पक्का आहे, तुला माहीत आहे. पण दर खेपेला ती मधेच थांबायची, फोनकडे जायची, क्लिप पुढेमागे करून बघायची आणि पुसून टाकायची. मी विचारलं, काय चुकतंय? स्टेप तर बरोबर आहे. ती म्हणाली, ‘स्टेप नाही गं मावशी, वळताना पोट दिसतंय.’ मग तिने टी-शर्ट ओढून खाली घेतला, पुन्हा वर खोचला, श्वास आत ओढून धरला आणि तशीच, श्वास रोखून, नाचली. अकरा क्लिप पुसल्या तिने माझ्यासमोर. शेवटी नाचता नाचता ती पायांकडे बघतच नव्हती, फोनच्या काचेतल्या स्वतःकडे बघत होती. लहानपणी हीच मुलगी गाणं लागलं की डोळे मिटून गिरक्या घ्यायची.

याला आत्मविश्वास म्हणायचं?

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने मुलींच्या लैंगिकीकरणावर एक अभ्यासगट नेमला होता. त्याचा अहवाल २००७ साली आला. मी तो पुन्हा काढून वाचला, कारण या विषयावर इतकं पुरावे गोळा करून लिहिलेलं दुसरं काही माझ्या वाचनात नाही. त्यात लैंगिकीकरण कशाला म्हणायचं याच्या चार कसोट्या आहेत. व्यक्तीची किंमत फक्त तिच्या लैंगिक आकर्षणावरून ठरवली जाते. ठरावीक साच्यातलं रूप म्हणजेच आकर्षक असं मानलं जातं. स्वतः निर्णय घेणारं माणूस म्हणून न बघता तिला दुसऱ्याच्या उपभोगाची वस्तू केलं जातं. किंवा लैंगिकता तिच्यावर बाहेरून लादली जाते, आणि ही कसोटी लहान मुलींना विशेष लागू पडते. चारांतली एक लागू झाली तरी पुरे, असं अहवाल म्हणतो. मनूच्या त्या गाण्याला मी पहिल्या तीन सरळ लावून बघितल्या. तिन्ही लागू होतात.

हाच अहवाल निकोप लैंगिकता या सगळ्यापासून वेगळी काढतो आणि ती माणसाच्या आरोग्याचा भाग आहे असं म्हणतो. त्यामुळे लाज शिकवायला कुणी निघालेलं नाही. लैंगिकीकरणाचा संबंध तो मुलींमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या तीन मानसिक त्रासांशी जोडतो : खाण्याचे विकार, स्वतःबद्दल हीन भावना आणि नैराश्य. मेसेजमध्ये म्हटलंय त्याच्या अगदी उलट.

अहवालात एका प्रयोगाचा आधार घेतला आहे. मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९८ साली प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना एकेकट्याला खोलीत पाठवलं. खोलीत पूर्ण उंचीचा आरसा. काहींना घालायला स्वेटर दिला, काहींना पोहण्याचा पोशाख. तोच पोशाख अंगावर असताना त्यांना गणितं सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणितं स्वेटर घातलेल्या मुलींपेक्षा जास्त चुकली. मुलांच्या बाबतीत असं झालं नाही. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, त्यांच्याकडे बघायला कुणी आलं नव्हतं. मुली स्वतःच स्वतःकडे बाहेरून बघत होत्या आणि त्यात त्यांचं लक्ष खर्च होत होतं.

हा प्रयोग व्हिडिओंवरचा नाही, असं कुणी म्हणेल. नाहीच आहे. पण बाहेरून स्वतःकडे बघायची ही सवय मुलीला लागते कुठून? घोट्यापासून वर सरकणारा कॅमेरा हजारदा बघितला की तो कॅमेरा मुलीच्या डोक्यात बसतो. मनूच्या खोलीत मी तोच बघितला.

या मुद्द्यातला एक कण मात्र खरा आहे, तोही मनाविरुद्ध कबूल करते. व्हिडिओंवर बोलणारे पुष्कळ लोक शेवटी बायकांच्या कपड्यांवरच घसरतात. स्कर्टची लांबी मोजतात, नाचणाऱ्या मुलीला नावं ठेवतात. कॅमेरा कुणी धरला, गुंड्या लावून कोण उभं आहे, पैसे कुणाचे, हे त्यांच्या तोंडून येत नाही. अशा लोकांमुळेच ‘बुरसटलेले’ हा शिक्का माझ्यासारखीवर मारणं सोपं जातं. माझं भांडण कपड्यांशी नाही. मनूने हवे ते कपडे घालून नाचावं, पोट दिसलं तर दिसू दे. तिने श्वास सोडून नाचावं, एवढंच मला हवंय.

सहावा मुद्दा एका ओळीचा आहे आणि त्याला उत्तरही तेवढंच. मनूने तो व्हिडिओ शोधलेला नव्हता, आधीचं गाणं संपल्यावर तो आपोआप लागला. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ मध्ये ऑनलाइन म्युझिक व्हिडिओंना सिनेमासारखे वयाचे दाखले देऊन बघायला सुरुवात केली, ती ‘बघू नका’ म्हणून भागत नाही हे कळल्यावरच.

ताई, शनिवारी मी येते आहे. मनूलाही बसव. तिचं आवडतं गाणंच लावू, आधी आवाज बंद करून, मग चालू करून, आणि ती काय म्हणते ते ऐकू. तोवर हा मेसेज पुढे पाठवू नकोस. काल सुमामावशींनी मला तो पाठवला, आणि त्यांच्याकडे तो तुझ्याकडून आलाय.