कोयंडा, काकी आणि तुमचा राग

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण मलाही राग आला होता; म्हटलं, दोन दिवस जाऊ देत. ‘दोन चोऱ्या झाल्या, आता भीत नाही’ हा माझा लेख तुम्हाला बेजबाबदार वाटला. तुमच्या इचलकरंजीच्या घरी चोरट्यांनी आईंच्या गळ्याला सुरी लावली, त्यांनी मुकाट बांगड्या काढून दिल्या, आणि त्या अजून रात्री दिवा लावून झोपतात. अशा माणसाला ‘भीती सोडा’ सांगणं म्हणजे जखमेवर मीठ, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी विचारलंय, तिसऱ्यांदा चोरी झाली तर काय लिहाल?

आईंनी केलं ते अगदी बरोबर केलं. सुरी समोर असताना द्यायचं, सगळं देऊन टाकायचं. आमच्या दोन्ही चोऱ्यांत कुणाच्या अंगाला हात लागला नाही, त्यामुळे तुमच्या घरापुढे आमचं किरकोळच.

आणि एक चूक सरळ माझी. ‘कुलपांनी काही होत नाही’ असं मी ठोकून दिलं होतं. आमचं कुलूप अजून शाबूत आहे. पहिल्या चोरीच्या वेळी गडहिंग्लजला लग्नाला गेलो होतो, दोन रात्री. परत आलो तर कुलूप बंदच्या बंद, कोयंड्यासकट पायरीवर पडलेलं. कोयंड्याचे चार स्क्रू, अर्ध्या अर्ध्या इंचाचे, आणि चौकटीचं लाकूड पावसाच्या बाजूनं भुसभुशीत झालेलं. कटावणीचा एक हिसका पुरला असणार. महागाचं कुलूप आम्ही दुकानात उलटसुलट करून, चार चौकशा करून घेतलं होतं; स्क्रूंकडे वीस वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. नंतर सुतारमामांनी चौकटीचा तेवढा तुकडा कापून नवं सागवान भरलं, आरपार बोल्ट घातले आणि नट आतल्या बाजूनं आवळले. तुमच्याकडचे स्क्रू एकदा काढून बघा किती लांबीचे निघतात ते.

त्या दिवशीचा आणखी एक मूर्खपणा मी लेखात लपवला होता. कपाटातल्या साड्या जमिनीवर फेकलेल्या, त्यात सासूबाईंची इरकल चुरगळून पडलेली. मला बघवेना. मी घड्या घालायला बसले. पोलीस आले तोवर निम्मं कपाट लख्ख! ठसे घ्यायला आलेला माणूस काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. वर ‘काय काय गेलं?’ विचारल्यावर पाटल्यांचं वजनही सांगता येईना. पावती नाही, फोटो नाही. शेवटी लग्नाचा अल्बम काढून हातातल्या पाटल्या दाखवल्या. चोर सापडला तरी मुद्देमाल कोर्टाकडून सोडवून घ्यायचा असतो, तिथं ‘माझंच आहे’ म्हणून भागत नाही. आता प्रत्येक दागिन्याचा फोटो आणि पावती लेकीच्या मोबाइलवरही आहे.

सगळं सोनं लॉकरला ठेवा म्हणता, ते ठेवलंय. पण १ जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार लॉकरमध्ये चोरी झाली तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. आजच्या भावात दोन लाखांत किती तोळे येतात ते तुम्हीच बघा. सीसीटीव्हीही बसवलाय, अजून तरी त्यात फक्त मांजरं सापडली आहेत.

दुसरी चोरी मात्र आम्ही घरात असताना झाली. रात्री पावणेतीन. चोरट्यांनी आधी आमच्या ओळीतल्या चार घरांना बाहेरून कड्या घातल्या, मग आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीचे गज वाकवले. मला आवाज आला होता. भांड्यावर भांडं घासल्यासारखा. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं.

त्याआधीचं वर्ष सांगते. उशाशी मुसळ. खिडक्या, पडदे दिवसासुद्धा बंद. रात्री तीन-तीनदा उठून पुढचं दार बघायचं. मागच्या खिडकीकडे एकदाही गेले नाही, कारण तिकडे अंधार. रोज रात्री मला घरात चोर ऐकू येत होता, दादा. खरा आला तेव्हा तो मला रोजचाच वाटला.

भीती सोडा म्हणत होते ती ही. तुमच्या आईंच्या दिव्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, खुशाल जळू दे.

आमच्या कोल्हापुरातल्या पंचगंगेच्या पुराचं घ्या. धाकटी बहीण दुधाळीत राहते. जुलै लागला की राजाराम बंधाऱ्याची पातळी चहाबरोबर बघायची. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पाणी ३९च्या आसपास आलं की गाडी वर नेऊन लावायची, कागदपत्रं पिशवीत भरायची आणि आईला फुलेवाडीला माझ्याकडे पाठवायचं. मार्चमध्ये तिच्या घरात पुराचा कुणी विषयही काढत नाही. २०१९ला तिच्या शेजारचे आजोबा ‘घर सोडलं की चोर येतील’ म्हणून माडीवर बसून राहिले. चोर आले नाहीत, पाणी आलं. बोटीतून काढावं लागलं.

तर आता रात्री दहाला माझी एकच फेरी: गॅस, मागची कडी, ती खिडकी, पुढचं लॉक. एकदा झोपलं की पुन्हा उठायचं नाही. दुपारी पुढचं दार उघडं असतं यावर तुम्ही सगळ्यात जास्त चिडलात. लोखंडी जाळीचं दार बंद असतं, हे मी लिहायला विसरले. उघडं असतं ते लाकडी. पडदे ओढून बसले होते ते वर्षभर समोरच्या काकींना आमचं घर दिसतच नव्हतं. आता दुधाची पिशवी आठपर्यंत दारालाच दिसली तर त्या गॅलरीतून ओरडतात, “का गं, पिशवी अजून तिथंच? बरं न्हाई काय?” मग आतून लेक ओरडते, “झोपलो होतो की ओ काकी!” (बाहेरच्या वाचकांसाठी: होय, मुलगीच. कोल्हापुरात पोरी अशाच बोलतात.) गावाला जाताना किल्ली काकींकडे असते. संध्याकाळी त्या बाहेरचा दिवा लावतात, दूध स्वतः वापरून टाकतात आणि त्याचे पैसे द्यायला येतात.

राहिला तिसऱ्या चोरीचा प्रश्न. आवाज आला तर या वेळी पांघरूण घेणार नाही. खोलीचं दार आतून लावून ११२ला फोन, मग काकींना. त्यांच्या दाराला बाहेरून कडी घातलेली असली तरी गॅलरी उघडी असते, आणि त्यांचा आवाज रिंग रोडपर्यंत जातो. सकाळी कपाटाला हात लावणार नाही, इरकल जमिनीवर पडलेली असली तरी. आणि मग लिहीन, आधीसारखं काही न लपवता.

आईंना नमस्कार सांगा.