वन्सं, मालकांची सही लागते का?

'वन्सं, हे खरं हाय का?' कसबा बावड्यातल्या आमच्या वहिनीनं असं विचारत एक मेसेज पाठवला. र. धों. कर्व्यांच्या खटल्यांवरचं नाटक बघून कुणीतरी तो लिहिलाय आणि तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो तीनदा आला. म्हणे कर्वे गर्भपाताचा प्रचार करत होते, कोर्टानं त्यांना अश्लील ठरवलं, बाबासाहेबांचा त्यात काही संबंध नव्हता, आणि लग्न झालेल्या बाईला गर्भपातासाठी आजही नवऱ्याची लेखी संमती लागते.

कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत केंद्र काढलं ते संततिनियमनाचं, म्हणजे दिवस जाऊच नयेत यासाठी. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. आंबेडकरच होते. कर्वे हरले, दंडही भरला, हे मात्र मान्य करावं लागतं. पण कशासाठी? आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून.

आता शेवटचा मुद्दा. तो वाचून माझं डोकंच फिरलं. वहिनीला दोन मुलं आहेत, तांबी बसवलेली असताना दिवस गेले. दवाखान्यात तिला सांगितलं, 'मालकांना घेऊन या.' भाऊ ट्रकवर, गुजरातेत. त्यात हा मेसेज. झालं, ती वाट बघत बसली! नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांवर भागतं, त्यातले दोन आठवडे असेच गेले.

गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात स्पष्ट आहे: सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरे. पालकाची संमती लागते ती अठराच्या आतल्या मुलीला आणि मनोरुग्ण बाईला. संमतीच्या फॉर्मवर नवऱ्याच्या सहीला जागाच नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं तर डॉक्टरांना बजावलंय की घरच्यांच्या संमतीसारख्या कायद्याबाहेरच्या अटी घालू नका. साधन फसलं हे कारणही कायद्यात आहे. डॉक्टरांचं मत लागतं, नुसतं बाईनं म्हणून होत नाही, हेही खरं. पण डॉक्टर म्हणजे नवरा नव्हे.

आपल्याकडं बायका बिचकतात त्याला कारण आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. तेव्हापासून भिंतीभिंतीवर 'गुन्हा आहे' लिहिलंय. पण गुन्हा गर्भाचं लिंग तपासण्याचा आहे, कायद्यात बसणाऱ्या गर्भपाताचा नव्हे.

सगळं वहिनीला विचारूनच लिहिलंय. कायद्याचं ते पान छापून घेतलंय. उद्या दहाला तिच्यासोबत मी जातेय, दुसऱ्या दवाखान्यात.