‘तीन वर्षांचा होईपर्यंत थांबा’: या सल्ल्यात काय चुकतं

पालकांच्या ग्रुपवर ऑटिझमच्या स्क्रीनिंगबद्दल (प्राथमिक चाळणीबद्दल) एक मेसेज सतत फिरत असतो: ‘स्क्रीनिंगला घाबरू नका, त्यातल्या निम्म्या मुलांना काहीच नसतं. डोळ्यांत बघतो ना? मग ऑटिझम नाही. मुलगे उशिराच बोलतात. मोबाईल बंद करा आणि तीन वर्षांपर्यंत थांबा. उगाच शिक्का कशाला?’

‘निम्म्या मुलांना काहीच नसतं.’ एम-चॅट-आर ही या स्क्रीनिंगसाठी वापरली जाणारी, 16 ते 30 महिन्यांच्या मुलांच्या पालकांनी भरायची 20 प्रश्नांची प्रश्नावली आहे. 0 ते 2 गुण म्हणजे जोखीम कमी, 3 ते 7 मध्यम, 8 पासून पुढे जास्त. मध्यम गुण आले की खटकलेल्या उत्तरांवर पाठपुराव्याची मुलाखत घ्यायची असते आणि त्यानंतरही 2 किंवा जास्त गुण उरले तर तज्ज्ञांकडे सविस्तर मूल्यमापनाला पाठवायचं. 8 किंवा जास्त गुण असतील तर मुलाखतीसाठी न थांबता थेट पाठवता येतं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, दोन्ही टप्प्यांनंतर जोखीम दिसलेल्या आणि तपासणी झालेल्या मुलांपैकी सुमारे 47 टक्क्यांना ऑटिझम निघाला. पण विकासाची काही ना काही अडचण सुमारे 95 टक्के मुलांना होती. निम्म्यांना ऑटिझम नसतो हे खरं. ‘काहीच नसतं’ ही मेसेजवाल्यांची भर.

गुण चुकतात ते बहुधा मोजताना. 2, 5 आणि 12 या प्रश्नांना ‘हो’ आलं तर गुण धरायचा, बाकी सगळ्यांना ‘नाही’ आलं तर. आणि एखादी गोष्ट मुलाने एक-दोनदाच केली असेल तर उत्तर ‘नाही’ लिहायचं. इथे प्रेमापोटी ‘हो’ लिहिलं जातं.

‘डोळ्यांत बघतो ना?’ ऑटिझम असलेली अनेक मुलं बघतात. नजर कशासाठी वापरतो, ते पाहा. वरच्या फळीवरचा बॉल हवा म्हणून मूल तुमचं मनगट धरून ओढतं, तुमचा हात बॉलकडे ढकलतं, पण चेहऱ्याकडे बघतच नाही. दुसरं मूल विमानाकडे बोट करतं आणि लगेच वळून तुमच्याकडे बघतं: तूही बघितलंस ना? या दुसऱ्या प्रकारचं बोट दीड वर्षापर्यंत दिसायला हवं.

‘मुलगे उशिराच बोलतात.’ थोडंफार. पण हावभाव, बोट दाखवणं, हाकेला वळणं याला ती सबब चालत नाही. येत असलेले शब्द गेले तर कोणत्याही वयात थांबू नका. शिवाय बोलणं उशिरा आहे म्हटल्यावर श्रवणतपासणी आधी. ‘जाहिरात लागली की धावत येतो’ म्हणजे ऐकू येतं, असं नाही. काही आवाज ऐकू येतात आणि काही निसटतात. बेरा तपासणी (आवाजाला श्रवणनस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी) लहान मुलांची बहुधा झोपेत होते, म्हणून त्याआधी मुलाला जागं ठेवून न्यावं लागतं. झोपेचं औषध देणार असतील तर किती तास उपाशी ठेवायचं, हे आदल्या दिवशीच विचारा.

‘मोबाईल बंद करा.’ जरूर करा. पण ते ‘बघूया फरक पडतो का’ म्हणून नको. अपॉइंटमेंट घेऊन मग बंद करा.

‘तीन वर्षांपर्यंत थांबा.’ सगळ्यांत महागात पडतो तो हा सल्ला. अनुभवी तज्ज्ञाने दोन वर्षांच्या आसपास केलेलं निदान बहुतेकदा टिकतं. ऑटिझमच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या एडॉस-2 या निरीक्षण-चाचणीत 12 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी वेगळा भागच आहे. बालविकासतज्ज्ञांकडे नंबर लागायला महिने जाऊ शकतात, म्हणून नाव आजच नोंदवा आणि स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं आणि खेळ जमावेत म्हणून दिली जाणारी) त्याच आठवड्यात विचारा. त्या सुरू करायला निदानाच्या कागदाची वैद्यकीय गरज नसते.

‘शिक्का कशाला?’ मूल्यमापनातून ‘ऑटिझम नाही’ असंही उत्तर निघतं. रक्ततपासणी किंवा एमआरआयने ते ठरत नाही; निरीक्षणातून आणि तुमच्या माहितीतून ठरतं. म्हणून जाताना दोन-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ न्या: एकटा खेळताना, मागून हाक मारल्यावर, काही हवं असताना. ‘टाटा कर, टाटा कर’ म्हणत काढलेला व्हिडिओ नको, त्यात पाठांतर दिसतं. आणि निघण्याआधी चार गोष्टी लिहून मागा: कोणती चाचणी केली, कोणतं कौशल्य किती महिन्यांच्या पातळीवर आहे, घरी काय करायचं, पुन्हा कधी दाखवायचं.