बिचारी

परवा रात्री आईबरोबर 'अस्तित्व' पुन्हा पाहिला. आई मेथी निवडत बसली होती. तब्बूची आदिती नवऱ्यासमोर, मुलासमोर, घरात जमलेल्या सगळ्यांसमोर बोलायला लागते, तिथे आईचे हात थांबले. अर्धी जुडी मांडीवर तशीच राहिली. सिनेमा संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "बिचारी गं. नवरा सदा फिरतीवर, करणार काय ती तरी?"

२००० साली थिएटरमधून बाहेर पडताना हाच शब्द मी चार बायकांच्या तोंडून ऐकला होता. मीही तोच म्हटला होता. परवा मात्र तो टोचला.

महेश मांजरेकरांनी लग्नाबाहेर गेलेल्या बाईच्या इच्छेचा विषय पुण्यातल्या पंडित कुटुंबाच्या नीटनेटक्या घरात आणून ठेवला, हे धाडस मी आजही मानते. गाणं शिकवणारा मल्हार कामत मरताना सगळी मालमत्ता आदितीच्या नावे करून जातो आणि तिच्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या मनात पाल चुकचुकते. तो जुन्या डायऱ्या काढतो. कुठल्या तारखांना आपण गावाला होतो ते शोधतो आणि मुलगा आपला नाही हे त्याला उमगतं. बायकोच्या देहाचा हिशोब नवऱ्याच्या दौऱ्यांच्या तारखांवरून लागतो! मराठी घर इतकं उघडं करून दाखवणारा प्रसंग मला दुसरा पटकन आठवत नाही.

पण तिच्या बाजूने उभं राहतानाही सिनेमाला पुरावे जमवावे लागतात. नवऱ्याची फिरती, रिकामं घर, एकटेपण. हे सगळं सिद्ध झालं की मगच आपण प्रेक्षक तिला माफ करतो. मग श्रीकांत रोज सहाच्या ठोक्याला घरी येणारा, प्रेमळ नवरा असता तर? आदितीला इच्छा होणं चुकीचं ठरलं असतं? पुरुषाच्या इच्छेला आपण कधी कारण विचारतो का? बाईसाठी मात्र आपल्याकडे दोनच शब्द: एक तर बिचारी, नाही तर चवचाल. मधली जागाच नाही.

ती जागा 'अस्तित्व'च्या २३ वर्षं आधी एका सिनेमाने दाखवली होती. हिंदी असला तरी त्याचं मूळ आपल्याच मातीतलं. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये 'भूमिका' केला. स्मिता पाटीलची उषा आईचा विरोध न जुमानता लग्न करते, नवऱ्याला सोडते, पुरुष निवडते, चुकते, पुन्हा निवडते. काळे या श्रीमंत पुरुषाच्या वाड्यात तिला घर मिळतं, मान मिळतो. पण त्याच्या पोराला जत्रेला न्यायचं म्हटलं तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची परवानगी नाही. ती तिथूनही निघते. शेवटी लेक आपल्याकडे राहायला बोलावते, तर तिलाही नाही म्हणते. हॉटेलच्या खोलीत एकटी उषा, वाजणारा फोन आणि तिचं न बोलणं. तिचं दुःख पोचतं, पण कीव करायची हिंमत होत नाही. कारण ती कुणाकडे माफी मागायला आलेलीच नसते.

येत्या रविवारी आईला 'भूमिका' दाखवणार आहे. कारण न सांगता स्वतःची इच्छा जगलेल्या नायिका तुम्हाला मराठी सिनेमात भेटल्या असतील, तर त्यांची नावं खाली लिहा. मला त्या खरंच बघायच्या आहेत, आणि आईलाही दाखवायच्या आहेत.