रुसायची खोली

यादीतली पहिलीच ओळ अशी होती : ‘नवऱ्याचा पांढरा शर्ट (असल्यास)’. हे ‘असल्यास’ शर्टाला उद्देशून होतं की नवऱ्याला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत. कॉलरपाशी थोडे विरलेत, पण आहेत.

यादी पाठवली होती फोटोग्राफर मुलीने, आणि ती मुलगी माझ्या मागे लावून दिली होती न्यू जर्सीतल्या धाकट्या बहिणीने. माझ्या पन्नाशीची भेट म्हणून. एका रात्री तिचा फोन आला.

“ताई, तुझं बुद्वार शूट बुक केलंय.”

“बुधवारी? बुधवारी मला बँक असते गं. रविवारचं बघ ना.”

“बुधवार नाही, बुद्वार! अगं, बेडरूममध्ये काढतात तसे फोटो. थोडक्या कपड्यांत. एकदम क्लासी.”

जन्म पुण्यात गेलेल्या बाईने ‘बुधवार’ आणि ‘तसले फोटो’ हे एका दमात ऐकलं की काय होतं, ते पुणेकरांना सांगायला नको. (बाकीच्यांसाठी : बुधवार पेठेत पुण्याची बदनाम वस्ती आहे.) बहिणीला पेठा सोडून वीस वर्षं झाली, तिच्या लक्षातही आलं नाही. मी म्हटलं, हे फोटो दाखवायचे कुणाला? ती म्हणाली, कुणालाच नाही, स्वतःला. स्वतःला तर मी रोज आंघोळीच्या वेळी बघते, आणि फुकट बघते. पण पैसे भरून झाले होते आणि ते परत मिळणार नव्हते. आमच्या घराण्यात एवढं कारण कशालाही पुरतं.

रात्री झोप लागेना म्हणून शब्दकोश उघडला. बुद्वार हा फ्रेंच शब्द, बाईची खासगी खोली. आणि तो ज्या क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ रुसणे, ओठ काढून बसणे. म्हणजे रुसायची खोली! मी उठूनच बसले. अहो, हे आपल्याकडे होतं की. कैकेयी कुठे जाऊन पडली होती? कोपभवनात. दशरथाच्या वाड्यात त्याची स्वतंत्र सोय होती. आमच्या फ्लॅटमध्ये दोन बेडरूम आहेत. एकीत सासूबाई, दुसरीत आम्ही दोघं, इस्त्रीचं टेबल आणि मुलाचं बारावीनंतर कुणी न उघडलेलं पुस्तकांचं खोकं. इथे रुसायचं तर ओट्यापाशी, भांडी आपटून. तेही साडेआठच्या आत, कारण नंतर भांडीवाल्या मावशी येतात आणि रुसण्यावर पहिला हक्क त्यांचा असतो.

तेव्हा मी ‘हो’ म्हटलं ते फोटोंसाठी नाही. तीन तास एक अख्खी खोली मिळत होती.

तारीख पडली ती नेमकी पितृपंधरवड्यात. लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, त्यामुळे फोटोग्राफरही मोकळी आणि पार्लरवालीही. अडचण होती खरेदीची. पंधरवड्यात नवं कापड घेऊ नये, असा सासूबाईंचा दंडक. आतलं चालतं का, याबद्दल पंचांग काही बोलत नाही. मी ते मौन संमती धरलं आणि लक्ष्मी रोड गाठला.

ज्यांनी ही दुकानं पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. काउंटरला कपाळावर गंध लावलेले काका, गळ्यात मोजायची टेप, आणि वर माळ्यावर एक मुलगा. काका खालून ओरडणार, मुलगा वरून खोकी टाकणार, काका न बघता झेलणार. आपण कितीही हळू बोललो तरी ते पुढे माळ्यापर्यंत पोचवायचंच असतं.

“लेसचं दाखवा,” मी कुजबुजले.

“साइज?”

“चौतीस.”

काकांनी टेपला हातही लावला नाही. चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि वर ओरडले, “अडतीस सी टाक रे, लेसवाला, काळा!”

चौतीस हा आकडा माझ्या लग्नाच्या खरेदीत आईने सांगितला होता. पॅन नंबर बदलत नाही, तसा हाही बदलत नसावा असं धरून मी २४ वर्षं चालले. काकांनी मला दोन मिनिटांत गणित समजावलं. आधी पट्ट्याचं माप, मग वरचं माप. दोन्हींतला फरक जितके इंच, तितकं अक्षर पुढे. कुणा गणिताच्या सरांनी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. मग काकांनी काचेवर काळी जाळी पसरली. बोटभर वस्तू, बाराशे रुपये. आणि माझ्या तोंडून, देवाशप्पथ, सवयीने निघून गेलं :

“यात कॉटन नाही का?”

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. “रंग जाईल का?” हा माझा पुढचा प्रश्न. “मशीनला लावू नका,” एवढंच म्हणून त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, वर दोरा बांधला आणि पुडी माझ्या हातात दिली. बाराशे रुपयांचा शृंगार, आणि दिसायला पाव किलो फुटाणे.

नवी लेस टोचते, एकदा पाण्यातून काढा, असं यादीत होतं. धुतली. वाळत घातली ती अर्थात आपल्या रिवाजाप्रमाणे, दोरीवर आधी ती आणि तिच्यावर टॉवेल. वाऱ्याने टॉवेल सरकला. संध्याकाळी सासूबाई ती चिमटीत धरून स्वयंपाकघरात आल्या.

“हे चक्का टांगायला आणलंस का? मोठी भोकं आहेत गं. मलमलच बरी.”

मी ‘बरं’ म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत काही चमकलं की मोतीबिंदू होता, हे अजून ठरत नाही.

यादीत पुढे बरंच होतं. वॅक्सिंग दोन-तीन दिवस आधी, त्याच दिवशी नको, कातडी लाल दिसते. आठवड्याभरात नवं फेशियल नको. कपडे हँगरवर आणा. ‘ज्यात आपण आपल्यासारख्या वाटतो असा एक पोशाख’ आणा. हा शेवटचा मुद्दा मी प्रामाणिकपणे घेतला आणि कपाटासमोर उभी राहिले. बँकेच्या साड्या, लग्नकार्याच्या साड्या आणि कुणीतरी दिलेल्या, कुणाला तरी द्यायच्या साड्या. ज्यात मी माझ्यासारखी वाटते तो एकच पोशाख निघाला, कॉटनचा, निळ्या फुलांचा, खिशाचा गाऊन. मुलीला फोन केला. “गाऊन चालेल मॅम! सॅटिनचा ना?” मी म्हटलं, नाही, खिशाचा. पलीकडे शांतता.

मग तिने कल्पना यावी म्हणून काही चित्रं पाठवली. त्यात एक अजिंठ्याचं होतं. १७ नंबरच्या लेण्यातली ती आरसा धरलेली राजकन्या, अंगावर दागिने आणि बाकी जवळजवळ काही नाही. ही मी पाहिली होती. नववीच्या सहलीत आम्ही तिच्यासमोर जेमतेम टेकलो होतो, तेवढ्यात बाईंनी टॉर्च पुढच्या भिंतीवर नेला, “चला, चला, बस थांबणार नाही.” दीड हजार वर्षं ती तशीच नटतेय. पण तिच्याभोवती दासी आहेत हो. मला पार्लरवालीसुद्धा साडेनऊ ते साडेदहा एवढीच मिळणार होती.

रविवार उजाडला. यादीतलं सगळ्यात जाचक कलम त्या दिवसाचं होतं. शूटच्या आधी तीन तास घट्ट काही घालू नये, इलॅस्टिकचे वळ फोटोत उठतात. आता परकराच्या आणि सलवारीच्या नाडीने माझ्या कमरेभोवती जी विषुववृत्तासारखी रेघ ओढून ठेवलीय, ती तीन तासांत जाणार होती का? पण नियम म्हणजे नियम. मी तो निळ्या फुलांचा गाऊन घातला, वर ओढणी घेतली आणि रिक्षा पकडली. गाऊनवर ओढणी घेतलेली बाई पुण्यात दुधाच्या पिशवीपासून मतदानापर्यंत कुठेही जाऊ शकते. फक्त तिच्या पिशवीत काळी लेस आणि नवऱ्याचा शर्ट नसतो एवढंच. आणि खड्डे. आतून कसलाही आधार नसताना पुण्यातले रस्ते हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. गेटवर शेजारणीने विचारलं, “सकाळी सकाळी कुठे?” मी पिशवी उंचावून म्हटलं, “इस्त्रीला.”

घरी सांगितलं होतं की मैत्रिणीकडे सवाष्ण म्हणून जेवायला जातेय. पंधरवड्यात हे खपून जातं.

मेकअपवाली मुलगी चांगली होती, पण तिची एका गोष्टीवर अढळ श्रद्धा होती, ती म्हणजे मी आहे त्याहून गोरी आहे. मी हाताची मागची बाजू दाखवत होते, ती ‘ग्लो येईल मॅम’ म्हणत दोन छटा वरची बाटली काढत होती. बाटलीवरचं नाव लॅक्मे. १९५२ साली टाटांनी काढलेला हा ब्रँड, आणि नाव म्हणजे आपल्या लक्ष्मीचंच फ्रेंच रूप. लक्ष्मी पॅरिसला जाऊन लिपस्टिक लावून परत आली, आमच्या कैकेयीचं कोपभवन तिकडून बुद्वार होऊन आलं, आणि या दोघींच्या मध्ये मी गाऊनमध्ये बसलेली.

त्यात मी एक घोळ आधीच करून आले होते. बहिणीने वर्षभर कानीकपाळी ओरडून मला सनस्क्रीनची सवय लावली होती, त्या इमानाने सकाळीच भरपूर थापलं होतं. पहिला फोटो निघाला. मुलीने कॅमेऱ्यात पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत कॅमेऱ्यात. माझा चेहरा चुन्यासारखा पांढरा आणि मान माझी स्वतःची. सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड फ्लॅशचा उजेड जसाच्या तसा परत फेकतात म्हणे. यादीतलं सातवं कलम, मी वाचलंच नव्हतं. परवाच तर आमच्याकडच्या गौरी गेल्या. मुखवटा पितळेचा, धड लोखंडी स्टँडचं, आणि मध्ये सासूबाई पदर खोचून सांधा झाकतात. तीच मी. फक्त मला पदर नव्हता.

धुतलं. पुन्हा केलं. या खेपेला माझ्या रंगाचं. कॅमेऱ्याचे दिवे निम्मा रंग खातात म्हणून ओठ आणि डोळे मात्र इतके गडद की आरशात बघून मी स्वतःला नमस्कार करणार होते.

काळ्या लेसचं प्रकरण मी आटपतं घेते. पोट आत, हनुवटी पुढे, खांदे खाली, पायाची बोटं ताणलेली, हात ‘सहज’ ठेवलेले, आणि श्वास? तो राहिलाच. ‘रिलॅक्स मॅम, थोडं गूढ हसा.’ मला गूढ हसता येत नाही. मला काउंटरवरचं हसू येतं, ‘केवायसी आणलंय का’वालं. ऐंशी फोटोंत मी केवायसी मागतेय.

मग शर्ट. जाहिरातीतल्या बायका नवऱ्याचा शर्ट घालतात तेव्हा तो त्यांना कसा मोठा, ढगळ, मांडीपर्यंत असतो. माझा नवरा काडी आहे. त्याच्या शर्टाची मधली तीन बटणं मला लागेचनात. “वा मॅम, ओपन ठेवलीत, बोल्ड आहे,” मुलगी खूश. खिशावर बॉलपेन गळल्याचा निळा डाग होता, कॉलरच्या आत धोब्याची काळी खूण. मी लोडाला टेकून बसले. खोली खरंच छान होती. खिडकीला पातळ पडदा, दार आतून लावलेलं, कुणी हाक मारत नव्हतं. चारच मिनिटं झाली असतील.

फोन वाजला.

“अगं, माझा पांढरा शर्ट कुठंय?”

इथे एक सांगायला हवं. नवरा आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, ती त्याच रविवारी अकराला होती. आणि दर सभेला तो पांढराच शर्ट घालतो, हिशेबही तसेच दिसावेत म्हणून. हे सगळं मला माहीत होतं. कपाटातून शर्ट काढताना नेमकं आठवलं नव्हतं.

“कपाटात बघ.”

“बघितलं.”

“नीट बघ. मधला कप्पा.”

“तिन्ही बघितले. आई म्हणतेय तो काल दोरीवर होता, तू काढलास.”

“मग निळा घाल ना!”

“निळ्याला इस्त्री कुठंय? आणि सवाष्ण जेवायला गेलीस ना, मग एवढी चिडतेस कशाला? अगं, ताळेबंदाची फाइलपण सापडत नाहीये, ती—”

मी फोन गादीवर टाकला. पोट सुटलं, खांदे गेले, हनुवटी आत आली, गुडघे छातीशी, तोंड खिडकीकडे. ओठ पुढे.

“काकू, हलू नका!” मुलगी किंचाळली. इतका वेळ ‘मॅम, मॅम’ करत होती. “हेच! हेच पाहिजे! काकू, प्लीज अशाच रागावलेल्या राहा!”

त्याची काही अडचण नव्हती. २४ वर्षांचा साठा होता. वीस मिनिटं मी रुसून बसले, मनसोक्त, एकही भांडं न आपटता, आणि ती माझ्याभोवती फिरत क्लिक क्लिक करत राहिली.

परत जाताना शर्ट खरोखरच इस्त्रीला टाकला.

वाढदिवसाला काळा डबा घरी आला. आत बारा फोटो. सासूबाई झोपल्यावर मी तो नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला आणि उगीचच इस्त्रीच्या टेबलावरच्या घड्या पुन्हा घालत बसले. त्याने लेसवाले पाहिले, घसा खाकरला, पुढे गेला. शर्टवाल्यापाशी थांबला. खूप वेळ थांबला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कान लाल झाले होते, हे मला मागून दिसत होतं. मग त्याने एक बोट अलगद फोटोवर टेकवलं, खिशावरच्या निळ्या डागावर.

“म्हणजे शर्ट तुझ्याकडे होता.”