एक दात

आमचा गॅरेजवाला एरवी तोंडाचा पट्टा बंद करत नाही. पण त्या दिवशी त्याने आमच्या मारुती ८००च्या टायमिंग बेल्टवर अंगठा फिरवला आणि एकदम गप्प झाला. पट्ट्याला बारीक भेगा पडल्या होत्या. "शेवटचा कधी बदललाय?" त्याने विचारलं. मी गाडी जुनी घेतली तेव्हा पट्टा आत होता, एवढंच मला माहीत. "हा सांगून तुटत नाही हो," तो म्हणाला आणि मजुरी सांगितली. ती ऐकून मी ठरवलं, की हे काम घरीच करायचं.

काम तसं कागदावर सोपं. खाली पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा म्हणजे क्रँक, वर व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातल्या झडपा, उघडणारा दांडा म्हणजे कॅम. क्रँक दोन फेरे मारतो, तेवढ्यात कॅमने बरोबर एक मारायचा. त्यांच्यात हा हिशेब ठेवणारा दातेरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. तबलजी आणि पेटीवाल्याने समेवर एकत्र यावं, तसंच. मैफलीत सम चुकली तर फक्त श्रोते खोकतात. काही इंजिनांत मात्र वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. आमचं इंजिन यातलं आहे की नाही, हे प्रयोगाने तपासायची माझी तयारी नव्हती.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॅटरीची वायर काढली, पुढचं चाक काढलं, फॅन बेल्ट उतरवला. इथवर मी मेकॅनिक होतो. मग क्रँकचा बोल्ट आला.

हा बोल्ट फिरवायला गेलं की अख्खं इंजिनच फिरतं. त्यावर तोड अशी, की गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची आणि आत कोणीतरी ब्रेक दाबून बसायचं. बायकोला बसवलं. "काही झालं तरी गिअर काढायचा नाही," मी बजावलं. ती मटार घेऊनच आली होती. मी पान्ह्याला हातभर पाइप अडकवून लोंबकळत होतो आणि आतून शेंगा फुटल्याचे आवाज येत होते. बोल्ट सुटला तेव्हा झालेला 'कडाक' आवाज बोल्टचा की माझ्या खांद्याचा, यावर आमचं अजून एकमत नाही. तोवर अर्धा किलो मटार सोलून झाले होते.

मग मी क्रँक-कॅमच्या पुल्यांवरच्या, म्हणजे पट्टा बसतो त्या दातेरी चाकांवरच्या, खुणा जुळवल्या आणि दिसायला बऱ्या म्हणून वरच्या पुलीवर आणि मागच्या पत्र्यावर बायकोच्या नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले. पट्टा उतरवला आणि चहाला वर गेलो. ही चूक. खाली आलो तर धाकटीने बापाला मदत म्हणून उरलेल्या दातांवरही एकाआड एक ठिपके दिलेले. पुली दिवाळीतल्या पणतीसारखी दिसत होती. शेजारी दुसऱ्या मजल्यावरचे काका नवा पट्टा हातात घेऊन उभे. "रबर बघत होतो," असं म्हणत त्यांनी तो मधोमध दुमडला. टायमिंग बेल्ट दुमडायचा नसतो, पिळायचा नसतो. आतल्या दोऱ्यांना इजा झाली तर वरून काही कळत नाही. काकांना हे सांगितलं. "आमच्या वेळी असं काही नव्हतं," ते म्हणाले. तो पट्टा घरी ठेवला आणि दुकान बंद व्हायच्या आत धावत जाऊन दुसरा आणला. मजुरी वाचवण्याचा हिशेब तिथेच संपला.

पुली नेलपॉलिश रिमूव्हरने पुसल्यावर कंपनीने ठोकलेली खूण सापडली. तीच बघायची असते, नेलपॉलिश हे आपले लाड. पट्टा चढवला, टेन्शनरचा, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या चाकाचा, बोल्ट सैल ठेवून स्प्रिंगला तिचं काम करू दिलं आणि पान्ह्याने क्रँक हाताने फिरवला. सेल्फ मारायची घाई करायची नाही. आधी हाताने दोन पूर्ण फेरे, मग पुन्हा खुणा बघायच्या. खालची खूण जागेवर आली. वरची एक दात मागे.

एकच दात! कॅमच्या पुलीच्या कडेवर सेंटीमीटरभराचाही फरक नसेल. वाकून, तिरकं, एक डोळा मिटून पाहिलं तर चालून जाईल असंही वाटलं. "बरोबरच आहे," काका म्हणाले. तेवढ्यावरूनच मी पट्टा पुन्हा उतरवला.

दुसऱ्यांदा ताणाच्या बाजूचा पट्टा सरळ ओढून धरला, झोळ सगळा टेन्शनरच्या बाजूला जाऊ दिला. दोन फेरे. दोघंही समेवर. आणखी दोन फेरे, कारण माझा माझ्यावर विश्वास नव्हता. पुन्हा समेवर. टेन्शनर आवळला, कव्हरं लावली. क्रँकचा बोल्ट आवळायला बायको पुन्हा ब्रेकवर. या खेपेला मेथी निवडायला.

दिवे लागायची वेळ झाली. चाक चढवलं, जॅक उतरवला, बॅटरी जोडली. वॉचमनसकट सगळे दोन पावलं मागे सरले.

"मार सेल्फ," मी म्हणालो.

गाडीने असा हिसका दिला, की बॉनेटवरचे पान्हे खणाखण खाली पडले आणि सगळं शांत झालं. माझ्या डोळ्यांपुढे व्हॉल्व्ह एकामागोमाग एक वाकले. काकांनी डोकं हलवलं. मी पुन्हा कव्हर खोलायला वाकलो, हात थरथरत होते.

खिडकीतून मेथीची जुडी बाहेर आली. "अहो, चौथ्यात आहे ना गाडी. तुम्हीच म्हणालात, काही झालं तरी काढायचा नाही."